वक्र अतिरुंद मॉनिटर : रचना आणि जोडणी

संगणकीय खेळांसाठी वक्र व अतिरुंद मॉनिटर घेणाऱ्या तरुणांचे लक्ष साहजिकच पडद्याच्या आकाराकडे आणि किमतीकडे जाते. परंतु पडद्याची जाहीर केलेली गती प्रत्यक्षात मिळते किंवा नाही, हे पाठीमागील जोडणीवर अवलंबून असते. म्हणून या उपकरणाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

रचना

या प्रकारात ३४ इंची पडदा विशेष प्रचलित आहे. हे माप कर्णाचे होय. नेहमीच्या पडद्याची रुंदी व उंची १६:९ या प्रमाणात असते, तर याची सुमारे २१:९ असते. त्यामुळे त्याची उंची २७ इंची साध्या पडद्याइतकीच भरते. वाढते ती रुंदी. एवढा रुंद पडदा सपाट ठेवल्यास त्याच्या कडा डोळ्यांपासून दूर जातात. हा फरक कमी करण्यासाठी त्यास बाक दिलेला असतो. ‘१५०० आर’ म्हणजे १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा बाक. आकडा जितका लहान, तितका बाक अधिक.

स्वस्त मॉनिटरमध्ये काटकसर बहुधा स्टँडमध्ये केलेली आढळते. पडदा मागेपुढे कलतो. पण उंची बदलता येतेच असे नाही. मागे ‘व्हेसा’ मापाची चार छिद्रे असल्यास वेगळा स्टँड बसविता येतो.

जोडणी

३४४० × १४४० या मांडणीत सुमारे साडेएकोणपन्नास लाख चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूस २४ बिट धरून सेकंदाला १४४ चित्रे उमटवायची, तर सेकंदाला सुमारे १,७१२ कोटी बिट वाहून न्यावे लागतात. एचडीएमआय २.० ची प्रत्यक्ष क्षमता १,४४० कोटी बिट आहे. तेथे गती साधारणतः १०० चित्रांवर थांबते. डिस्प्लेपोर्ट १.४ ची क्षमता २,५९२ कोटी बिट असल्याने १४४ चित्रांचा भार ते सहज पेलते. दोन्ही पोर्ट एकाच मॉनिटरवर असले, तरी चुकीची केबल जोडल्यास जादा गतीसाठी मोजलेले पैसे वाया जातात.

ग्राहकाने घ्यावयाची दक्षता

खरेदीपूर्वी प्रत्येक पोर्टवर मिळणारी गती माहितीपत्रकात पाहावी. संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्यालाच जोडावी, मदरबोर्डला नव्हे. जोडणीनंतर संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘रिफ्रेश रेट’ तपासावा. तो पुष्कळदा ६० वरच राहिलेला असतो व हाताने वाढवावा लागतो. ही तपासणी पहिल्याच दिवशी करावी आणि तोपर्यंत खोके व पावती जपून ठेवावी.