पुढचा स्टॅबिलायझर काढू का?

प्रश्न : माझ्याकडे फोर बाय फोर पिकअप आहे. शेत गावापासून तीन किलोमीटर आत, मध्ये एक ओढा. पाणंदीच्या खोल चाकोऱ्यांत गाडी तिरपी झाली की पुढचं एक चाक अधांतरी राहतं आणि जागेवरच फिरतं. गॅरेजचे मिस्त्री म्हणतात, ‘पुढचा स्टॅबिलायझर काढून टाका, चाकं मोकळी होतील, खडखडही जाईल.’ आठवड्यातून दोन-तीनदा लातूर-नांदेडला मालही न्यावा लागतो. काढू का?
— एक वाचक, ता. अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : कायमचा काढू नका, हे आधीच सांगतो. मिस्त्रींचं म्हणणं तुमच्या पाणंदीपुरतं खरं आहे. हमरस्त्याला लागलात की तेच अंगाशी येईल.

कारण समजायला सायकलचा एक जुना स्पोक घ्या. दोन्ही टोकं एकाच बाजूला काटकोनात वाकवा आणि मधला सरळ भाग घरातल्या कुणालातरी दोन्ही हातांच्या चिमटीत सैल धरायला सांगा. आता दोन्ही टोकं एकदम वर-खाली करा. स्पोक चिमटीत नुसता फिरेल, अडवणार नाही. मग एक टोक दाबून ठेवा आणि दुसरंच उचला. मधला भाग पिळला जातो आणि बोटाला जोर जाणवतो. स्टॅबिलायझर म्हणजे हाच स्पोक, जाड स्प्रिंग-पोलादाचा. मधला भाग रबरी बुशमधून चेसिसला धरलेला, दोन्ही टोकं लिंक रॉडने दोन चाकांच्या आर्मला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर त्याला काही काम नसतं. एकच चाक चढलं, किंवा वळणावर गाडी एका अंगाला कलली, की तो पिळतो आणि कलणं रोखतो. त्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणून 25 मिलिमीटरच्या जागी 30 मिलिमीटरचा बार घातला तर तो दुपटीवर जातो. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांनी 1919 साली याचं पेटंट घेतलं. तत्त्व आजही तेच आहे.

पाणंदीत तो आडवा येतो तो याचमुळे. उजवं चाक उंचवट्यावर चढतं, डावं चाकोरीत उतरू पाहतं आणि बार त्याला पुरतं उतरू देत नाही. लिंक सोडल्या की चाक आणखी खाली पोचतं. मात्र किती, हे पुढच्या बांधणीवर ठरतं. बैलगाडीच्या आखासारखा अखंड एक्सल असेल तर फरक उभ्याउभ्या दिसतो. हल्लीच्या बऱ्याच पिकअपना पुढची चाकं स्वतंत्र असतात आणि त्यांची हालचाल आर्म, बंप स्टॉप आणि ड्राइव्हशाफ्टच्या कोनापाशीच संपते. तिथे लिंक सोडून हाती लागतं ते थोडंच. आधी गाडीखाली वाकून तुमचा प्रकार कोणता ते पाहा.

दुसरं असं, की आपल्या काळ्या मातीत गाडी बहुतेक वेळा अडते ती चिकणमातीमुळे. चिखल टायरच्या खाचांत भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाकं जमिनीला टेकलेली असूनही फिरत राहतात. तिथे स्टॅबिलायझर काढून काय उपयोग? तिथे मड टायर लागतात, रिकाम्या गाडीत हवा वीसेक पीएसआयपर्यंत उतरवावी लागते, आणि वाफसा यावा लागतो. तिफण घालायला तुम्ही वाफशाची वाट बघता, तशी गाडी घालायलाही बघा. लिंक सोडण्याचा खरा फायदा खडकाळ जागी होतो : तुमच्या ओढ्यातले धोंडे, किंवा माहूर-किनवटकडच्या डोंगरवाटा. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत मात्र अशी गाडी घालायचीच नाही.

आता हमरस्ता. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा हा 361 क्रमांकाचा रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. गाळपाच्या दिवसांत रात्री उसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही, अचानक समोर येते. तुम्ही स्टिअरिंग झटक्यात फिरवता. बार असता तर कलणाऱ्या वजनाचा बराचसा भार पुढच्या चाकांनी घेतला असता. तो नसला की मागच्या चाकांवरचा वाटा वाढतो, त्यांची पकड आधी सुटते आणि गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं जातं. वर सोयाबीनची पोती रचलेली असली तर गाडी आणखी कलते. रिकामी असली तरी धोका टळत नाही, कारण पिकअपचं मागचं अंग तेव्हा हलकं असतं. मला सगळ्यात जास्त काळजी याच क्षणाची वाटते.

पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला जुळणी होणाऱ्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये हा बार बटण दाबून सोडता येतो. पण ताशी 29 किलोमीटरच्या वर वेग गेला की तो आपोआप पुन्हा जोडला जातो. बनवणाऱ्यांनीच ही मर्यादा घातली आहे.

खडखडीचं म्हणाल, तर ती झिजलेल्या लिंकची किंवा बुशची असते. गाडी सपाट जागी उभी करून लिंक हाताने हलवून बघा. लगेच कळेल. दोन्ही बाजूंच्या लिंक नव्या घाला. आवाज बंद करायला आख्खा बार काढणं म्हणजे दार कुरकुरतं म्हणून दारच उतरवणं.

ओढ्यापुरता सोडायचाच असेल तर सपाट जागी, हॅण्डब्रेक ओढून, चाकांना दगड लावून सोडा. तिरप्या गाडीत बार पिळलेला असतो आणि बोल्ट निघताच टोक उसळतं. नट फिरवताना बोल्ट अ‍ॅलन कीने धरा, नाहीतर तो नुसता फिरत राहील. लिंक दोन्ही बाजूंच्या सोडा. एकच सोडली तर मोकळं टोक ब्रेकच्या होजवर किंवा टायरवर आदळतं. सुटलेली टोकं वर घट्ट बांधा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा, आणि गाडी पायी चालण्याच्या वेगानेच न्या. काढलेले नट एका पिशवीत घालून ती स्टिअरिंगला बांधून ठेवा, म्हणजे लिंक पुन्हा जोडल्याशिवाय गाडी डांबरीवर चढणार नाही.