दुकान बंद, गणित सुरू

जर्मनीत रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला सुपरमार्केट बंद असतात. २०२६ मध्ये २५ डिसेंबरला शुक्रवार आहे. २६ तारखेलाही नाताळची सुट्टी आणि २७ ला रविवार. म्हणजे सलग ३ दिवस कुलूप! २४ ला दुकानं साधारण दुपारी २ पर्यंतच.

तिथल्या मराठी पालकांनी सामानाची यादी मुलांकडेच सोपवावी. रोज १ लिटर दूध लागतं, तर किती आणायचं? मुलं पटकन ‘३ लिटर’ म्हणतील. मग विचारा, २८ च्या सकाळच्या चहाचं काय? दिवस मोजणं सोपं. गरज मोजायला शिकवावं लागतं. पालेभाजी आधी संपवायची, कोबी-बटाटे नंतर, हा क्रमही त्यांनाच लावू द्या.

दुकानं बंद का, तेही सांगा: दुकानात काम करणाऱ्यांच्या घरीही सण असतो.