'फास्ट' म्हणजे नेहमी 'जलद'च का?



'फास्ट' हा इंग्रजी शब्द मुलांना शाळेत यायच्या आधीच माहीत असतो. फास्ट लोकल, फास्ट बॉलर, "फास्ट चल ना जरा" हे सगळं घरीच कानावर पडतं. त्यामुळे यात शिकवायचं काय, असं मला वाटायचं. पण याच शब्दाने एकदा माझीच चूक दाखवली.

चौथीतल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'शी रन्स फास्ट.' मी लाल पेनाने पुढे 'ली' जोडून 'फास्टली' केलं. क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली, मग फास्टचं फास्टली! दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन उभी. "सर, दादा म्हणतो असं लिहीत नाहीत." दादा आठवीत. मधल्या सुट्टीत शब्दकोश उघडला, तर दादा बरोबर होता. आधी किती वह्यांत मी ते 'ली' लावलं असेल कोण जाणे. वर्गात चूक सांगितली आणि तिला माझीच दुरुस्ती खोडायला लावली. ती तिने फार आनंदाने खोडली!

तर लक्षात घ्या, 'फास्ट' हे विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. 'अ फास्ट ट्रेन' आणि 'द ट्रेन रन्स फास्ट', दोन्हीकडे रूप तेच. 'हार्ड' आणि 'लेट'चंही असंच. उलट त्यांना 'ली' लावलं की अर्थच बदलतो. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप मेहनत करतो, पण 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ काहीच करत नाही. तुलना करताना 'मोअर फास्ट' नाही, 'फास्टर' आणि 'फास्टेस्ट'. उसेन बोल्टने 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर अंतर 9.58 सेकंदांत कापलं, तो 'द फास्टेस्ट'.

'क्विक' आणि 'फास्ट' यांतही थोडा फरक आहे. साधारणपणे वेगाने जाणारं ते फास्ट, थोड्या वेळात उरकणारं ते क्विक. म्हणून गाडी फास्ट, पण घाईत घेतलेला चहा क्विक.

आता खरी गंमत बघा. 'द बेबी इज फास्ट अस्लीप' याचा अर्थ वर्गात विचारला, तर उत्तर आलं, "बाळ पटकन झोपलं." हसू नका, बऱ्याच मोठ्यांनाही तसंच वाटतं. खरा अर्थ आहे, बाळ गाढ झोपलंय. कारण या शब्दाचा जुना अर्थ वेग नाहीच, तो आहे घट्ट, पक्का. साडी घेताना आपण "कलर फास्ट आहे ना?" विचारतो, तो हाच फास्ट. सीट बेल्ट बांधायला सांगतात ते 'फासन' यातूनच आलं (त्यात टी लिहायचा, पण उच्चारायचा नाही).

मग घट्टवरून वेग कसा आला? आपलं 'जोरात' घ्या. जोर म्हणजे ताकद, पण "जोरात पळ" म्हटलं की पोरगं वेगच वाढवतं. तिकडेही तसंच झालं. नेटाने पळणं ते वेगाने पळणं.

उपवासालाही फास्टच म्हणतात. नियम घट्ट धरून राहायचं, म्हणून. रात्रभराचा उपवास सकाळी मोडतो, म्हणून 'ब्रेकफस्ट'. आणि 'माय वॉच इज फाइव्ह मिनिट्स फास्ट' म्हणजे घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे.

उद्या मुलांना ही तीन वाक्यं द्या आणि अर्थ लिहायला सांगा:

माय मदर वॉक्स फास्ट.
माय मदर फास्ट्स ऑन एकादशी.
द बुलक कार्ट इज स्टक फास्ट इन द मड.

तिसऱ्या वाक्यात बैलगाडी पळवणारे दोन-तीन जण तरी निघतील. त्यांना फळ्यावर चिखलात रुतलेलं चाक काढून दाखवा.