जुनी स्पोर्ट्स गाडी : मागवावी की घडवावी?

करमाळ्यात मालाचा गठ्ठा उतरला की आपण आधी पडतळ काढतो. हौसेच्या गाडीचीही तशीच काढावी.

समजा, इंग्लंडची जुनी ट्रायम्फ स्पिटफायर 8 लाखांना ठरली. भाडे व विमा 2 लाख. जकात 8 लाखांवर नव्हे, 10 लाखांवर बसते. पुढे जी.एस.टी. जकात मिळवून होणाऱ्या रकमेवर. म्हणजे करावर कर. बंदराचा खर्च व दलाली निराळीच.

दुसरा मार्ग, मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड. स्पिटफायरचा सांगाडा हेरल्डचाच आखूड केलेला. म्हणून हौस इथेही भागते, मजुरीही आपल्याच मिस्त्रीला मिळते.

मात्र इंजिन, सांगाडा परस्पर बदलू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. 2019 च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल तरच ‘व्हिंटेज’ नोंद मिळते.

तेव्हा गाडी मूळ रूपातच दुरुस्त करावी. कारागीर बांधवांनी आधी नोंदणी पुस्तक पाहावे, बदलाची परवानगी लेखी मागावी, मगच पाना हाती घ्यावा.