चिप किती वर्षं टिकेल, हे कोण सांगतं?

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. ‘कम्प्युटर मिळत नाही, ईएनटीसीही हुकलं. मेटलर्जी मिळतंय, पण ते घेऊन मुलीने भट्टीवर उभं राहायचं का?’ याच पालकांनी त्याच आठवड्यात पेपरात वाचलेलं असतं की देशात सेमीकंडक्टरचे कारखाने येताहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

चिपवरचं सर्किट आखणं हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं काम. पण ते सर्किट ज्या सिलिकॉनवर, तांब्यावर आणि ऑक्साइडच्या थरांवर उभं राहतं, ते पदार्थ एकमेकांना धरून राहतील का, दहा-पंधरा वर्षं उष्णता, दमट हवा आणि हादरे सोसतील का, हे पाहणारा माणूस वेगळा. तो मटेरियल्स सायंटिस्ट. एखादा भाग किती वर्षं टिकेल आणि बिघडला तर नेमका कशाने बिघडला, यावर काम करणाऱ्यांना उद्योगात रिलायबिलिटी आणि फेल्युअर अ‍ॅनालिसिसची माणसं म्हणतात.

या कामाचं मोल कळायला एक घटना पुरेशी आहे. मे १९९८ मध्ये ‘गॅलेक्सी ४’ हा दळणवळण उपग्रह अचानक दिशा हरवून बसला आणि अमेरिकेतले बहुतेक पेजर मुके झाले. डॉक्टरांपर्यंत रुग्णालयांचे निरोप पोचेनात. तपासाचा रोख गेला तो उपग्रहाच्या नियंत्रक प्रोसेसरमध्ये उगवलेल्या कथलाच्या तंतूंवर. शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून, आतल्या ताणामुळे, असे तंतू आपोआप बाहेर येतात. त्यांना व्हिस्कर म्हणतात. जाडी जेमतेम काही मायक्रॉन, लांबी कधी कधी काही मिलिमीटर. तंतू शेजारच्या टोकाला टेकला की शॉर्ट सर्किट. कथलात थोडं शिसं मिसळलं की व्हिस्कर बरेचसे आटोक्यात राहतात, हा उपाय उद्योगाला जुना माहीत होता. पण १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधून शिसं हद्दपार केलं. शिसं विषारी आहे, निर्णय योग्यच होता. अडचण अशी की कथील-शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं आणि त्याच्या जागी आलेलं कथील-चांदी-तांब्याचं सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळतं. म्हणजे जोडणी करताना बोर्ड जास्त तापणार, चिपही जास्त तापणार आणि वर व्हिस्करची धास्ती परत आली. एका कायद्याने जगभरच्या पदार्थशास्त्रज्ञांपुढे कित्येक वर्षांचं काम येऊन पडलं.

रोजचं काम कसं चालतं तेही पाहू. समजा, भर उन्हाळ्यात बंद पडलेल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरचा कंट्रोलर प्रयोगशाळेत आला. पहिला नियम असा की घाईने उघडायचा नाही, कारण उघडताना पुरावा नष्ट होतो. आधी विजेच्या चाचण्या, मग एक्स-रे, मग ध्वनिलहरींनी आतले थर सुटलेत का ते पाहणं. संशयाची जागा ठरली की तो तुकडा रेझिनमध्ये बसवून कापायचा, आरशासारखा घासायचा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. तिथे सोल्डरमध्ये एक बारीक भेग दिसते. तापमान एका अंशाने वाढलं की सिलिकॉन दर दहा लाख भागांत साधारण अडीच भाग प्रसरण पावतं, तर तांबं सतरा. चिप आणि बोर्ड रोज तापतात, रोज निवतात, दर वेळी एकमेकांना ओढतात आणि मधलं सोल्डर थकतं. भेग का पडली हे कळलं, तरी खरा प्रश्न पुढेच असतो. सोल्डर बदलायचं, बोर्ड बदलायचा, की उष्णता बाहेर काढायची वाट बदलायची? हे उत्तर ज्याला देता येतं, त्याला कंपनी सहजासहजी सोडत नाही.

पंधरा वर्षं टिकेल असा शब्द ग्राहकाला द्यायला पंधरा वर्षं थांबता येत नाही. म्हणून भाग मुद्दाम छळले जातात. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास, म्हणजे जवळपास सहा आठवडे. गाडीतल्या भागांना उणे ४० ते १२५ अंशांमध्ये पुन्हा पुन्हा खाली-वर नेलं जातं. त्या थोड्या दिवसांवरून अनेक वर्षांचा अंदाज बांधायला रसायनशास्त्रातलं अऱ्हेनियसचं समीकरण लागतं आणि भरपूर संख्याशास्त्र लागतं. अकरावी-बारावीत ‘हे कुठे उपयोगी पडणार’ म्हणून जे धडे मुलं उरकतात, त्यांतलेच हे. कोकणातली खारी हवा आणि शहरांतल्या उघड्या नाल्यांमधून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्या-चांदीला खातात, त्यामुळे आपल्याकडे हे प्रश्न परदेशी पुस्तकांत आहेत तेवढ्यावर संपत नाहीत.

या क्षेत्राकडे येणाऱ्या वाटा अनेक आहेत. मेटलर्जी किंवा मटेरियल्समधली बी.टेक. ही सरळ वाट. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, आयआयटी मुंबई इथे हे विभाग आहेत. माझ्या मते याहून दुर्लक्षित आणि तितकीच भक्कम वाट बी.एस्सी.ची आहे. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात पदवी, जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., मग गेट ही परीक्षा देऊन एम.टेक. किंवा पीएच.डी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था आहे. गावातल्या कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्या मुलाने स्वतःला या शर्यतीबाहेरचा समजू नये. आणि ‘सेमीकंडक्टर’ हे नाव लावलेल्या महागड्या खासगी कोर्सची फी भरण्याआधी तिथे एक्स-रे डिफ्रॅक्शनचं यंत्र आहे का आणि विद्यार्थ्यांना ते हाताळू देतात का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा.

पैशांचं स्पष्टच सांगते. गेटवर एम.टेक. करताना महिना १२,४०० रुपये मिळतात, पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत जेआरएफ ही विद्यावृत्ती महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. सॉफ्टवेअरमधला वर्गमित्र या काळात पुढे गेलेला दिसेल, नातेवाईक तुलना करतील. वरच्या पदांवरच्या संशोधनासाठी पीएच.डी. जवळपास अटळ आहे, आणि ती साधारण पाच वर्षं खाते. घरावर कर्ज असेल तर बी.टेक.नंतर गुणवत्ता किंवा चाचणी विभागात नोकरी धरून पुढचं शिक्षण नंतर घेणं हा कमीपणाचा मार्ग नाही.

नोकऱ्या कुठे? गुजरातमध्ये धोलेराला टाटांचा चिप कारखाना उभा राहतो आहे, साणंदला मायक्रॉनचा आणि आसाममध्ये जागीरोडला टाटांचा जोडणी-चाचणीचा प्रकल्प आहे. चिपला आवरणात बसवण्याच्या या कामात धातू, चिकट रेझिन आणि उष्णता यांचेच प्रश्न जास्त असतात. मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी जुनी आहे, इस्रोचा ‘विक्रम ३२०१’ प्रोसेसर तिथेच घडला. मुंबई-पुण्यात वाहनं, संरक्षण आणि चाचणी प्रयोगशाळा आहेत. तरीही मुलाचं भविष्य एकाच प्रकल्पाच्या बातमीवर बांधू नका. मेटलर्जीचा पाया पक्का असेल तर बॅटरी, विमानाचे भाग, वैद्यकीय उपकरणं, पोलाद ही सगळी दारं उघडी राहतात.

हे काम कुणाला जमेल? बिघडलेला मिक्सर उघडून तासभर त्यात डोकं घालणाऱ्या, आणि तो सुरू झाल्यावरही ‘पण बंद का पडला होता?’ असं विचारणाऱ्या मुलांना. ज्यांना संध्याकाळपर्यंत निकाल हवा असतो त्यांना हा व्यवसाय छळेल, कारण एकेका भेगेमागे महिने जातात. खात्री करायची असेल तर फेब्रुवारीअखेर, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सर्वांसाठी दारं उघडते. मुलांना घेऊन जा. तिथे संशोधन करणाऱ्या तरुणांना त्यांचं शिक्षण, त्यांची विद्यावृत्ती आणि कालचा त्यांचा दिवस कसा गेला, हे मुलांनाच विचारू द्या. तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा.