चिकित्सालयातील संगणक : बाह्य हार्ड डिस्कवरील बॅकअप व बूटिंग

जीर्ण व्याधींच्या चिकित्सेत जुन्या रुग्णपत्रिकेचे मोल फार मोठे आहे. आमवाताच्या रुग्णास पाच वर्षांपूर्वी कोणता कल्प दिला, मात्रा व अनुपान काय होते, बस्तिक्रमानंतर उपशम किती काळ टिकला, हे केवळ स्मरणावर सोडता येत नाही. ही नोंद आता अनेक चिकित्सालयांत वहीतून संगणकात गेली आहे. वहीला वाळवी लागते, परंतु ती एका रात्रीत सर्व पाने खात नाही. संगणकातील हार्ड डिस्क मात्र पूर्वसूचनेवाचून निकामी होऊ शकते. म्हणून बाह्य हार्ड डिस्कवर बॅकअप घेण्याविषयी वैद्यबांधवांशी येथे थोडा विचार करीत आहोत.

बॅकअप दोन प्रकारचा असतो. पहिला केवळ माहितीचा. येथे एक गोष्ट वारंवार निसटते. चिकित्सालयाच्या सॉफ्टवेअरमधील रुग्णपत्रिका बहुधा ‘डॉक्युमेंट्स’ या फोल्डरमध्ये नसतात. त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात. तेव्हा फोल्डरची नक्कल करून समाधान मानू नये. सॉफ्टवेअरमध्येच दिलेली बॅकअपची सोय वापरावी व तयार झालेली फाइल बाह्य डिस्कवर ठेवावी.

दुसरा प्रकार म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रतिमा. तीत विंडोज, सर्व सॉफ्टवेअर आणि प्रिंटरच्या जुळणीपर्यंत सारे येते. क्लोनझिला हे विनामूल्य साधन त्यासाठी उपयुक्त आहे. परंतु अशी प्रतिमा स्वतः संगणक सुरू करीत नाही. पेन ड्राइव्हवरून क्लोनझिला सुरू करून ती नव्या डिस्कवर उतरवावी लागते, आणि ती डिस्क सामान्यतः मूळ डिस्कएवढी किंवा तीहून मोठी असावी लागते.

बाह्य डिस्क जोडली की संगणक तिच्यावरून चालेल, हा समज आम्हांस अनेक ठिकाणी आढळतो. विंडोजच्या बाबतीत तो खरा नाही. यूएसबी डिस्कवर विंडोज बसविण्यास तिची नेहमीची स्थापनापद्धती नकार देते. ‘विंडोज टू गो’ नावाची एक सोय होती, ती २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. अ‍ॅपलच्या जुन्या, इंटेल प्रोसेसरच्या संगणकांत बाह्य डिस्कवरून काम चालविणे सोपे होते. २०२० पासून आलेल्या अ‍ॅपलच्याच चिपच्या संगणकांत आतील डिस्क पूर्ण मेली असेल तर बाह्य डिस्कवरूनही तो सुरू होत नाही.

उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली मात्र बाह्य डिस्कवर बसविता येते. विंडोज बिघडली पण आतील डिस्क शाबूत असली, तर हीच डिस्क कामास येते. संगणक चालू करताच एफ १२ (काही कंपन्यांत एफ ९ किंवा एस्केप) ही कळ दाबून बूट मेन्यू आणावा, बाह्य डिस्क निवडावी आणि उबुंटूतून आतील फाइली उतरवून घ्याव्यात. यात एक अडसर संभवतो. अलीकडच्या विंडोजमध्ये बिटलॉकरचे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते. त्याच्या ४८ अंकी किल्लीवाचून आतील काहीही वाचता येत नाही. ती किल्ली आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. त्याच संगणकात ठेवण्यात अर्थ नाही.

बॅकअप संपताच डिस्क काढून ठेवावी. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’सारखे खंडणीचे विषाणू जोडलेल्या बाह्य डिस्कवरील फाइलींनाही कुलूप घालतात. सतत जोडलेली डिस्क हा आमच्या मते बॅकअपच नव्हे. शक्यतो दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात, एक चिकित्सालयात व एक घरी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुराचे पाणी दुकाना-घरांत शिरले, तशा प्रसंगी एकाच कपाटातील दोन्ही डिस्क सोबतच भिजतील. घरी नेण्याच्या डिस्कवर रुग्णांची गुपिते असतात, म्हणून ती व्हेराक्रिप्टसारख्या साधनाने कुलूपबंद करावी.

दर तीन महिन्यांनी बॅकअपची फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी. सर्वांत जुन्या पाच व कालच्या पाच रुग्णपत्रिका उघडून त्यांतील कल्प, मात्रा व दिनांक मूळ नोंदीशी ताडावेत, आणि तपासणीचा दिनांक डिस्कवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर लिहावा.