नाण्यावरील मुख आणि नाण्यातील चांदी : स्पॅनिश वसाहतींतील रौप्यनाण्यांचा अभ्यास

इतिहासाच्या साधनांमध्ये नाण्यांचे स्थान फार वरचे आहे. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. परंतु त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविलेली होती. नहपानाच्या पराभवाची इतकी स्पष्ट साक्ष दुसऱ्या एखाद्या साधनाने क्वचितच दिली असती. नाण्यावरील मुख हे सत्तेचे घोषणापत्र असते, हा धडा आपणांस आपल्याच भूमीत मिळतो. मात्र त्या मुखाखालची चांदी कोठून आली, ती कोणी खणली, ती किती शुद्ध होती, हे प्रश्न पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीत. ते विचारण्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही एका दूरदेशीच्या, परंतु जगभर फिरलेल्या नाण्याची निवड केली आहे. ते नाणे म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत पाडले गेलेले 'आठ रेआल'. यालाच पुढे 'पेसो' किंवा 'स्पॅनिश डॉलर' असे म्हणू लागले.

नाण्याची ओळख

१४९७ साली फर्डिनांड व इसाबेला या राजदांपत्याने स्पेनच्या चलनाची नवी व्यवस्था लावली आणि 'रेआल' या चांदीच्या नाण्याचे वजन व शुद्धता निश्चित केली. आठ रेआलांचे मोठे नाणे सुमारे २७ ग्रॅम वजनाचे, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून थोडे अधिक भरे. त्याखाली चार, दोन, एक व अर्धा रेआल अशी लहान नाणी होती. आपल्या जुन्या रुपयाची अधेली, पावली आणि चवली ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही विभागणी सहज समजेल. मेक्सिको शहरातील टांकसाळीची स्थापना १५३५ साली झाली. त्यानंतर लिमा व पोतोसी येथे टांकसाळी उभ्या राहिल्या. पुढील अडीच शतके जगातील चांदीचा फार मोठा हिस्सा याच प्रदेशांतून आला.

डोंगर आणि माणसे

आजच्या बोलिव्हिया देशात, समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर पोतोसी नगर आहे. त्याच्या शेजारच्या 'सेरो रिको', म्हणजे 'श्रीमंत डोंगर', या पर्वतात १५४५ साली चांदी सापडली. प्रारंभी उत्तम प्रतीचा धातू वरच्या थरांतच मिळाला. तो संपत आल्यावर हलक्या प्रतीच्या दगडातून चांदी वेगळी करण्यासाठी पाऱ्याचा उपयोग सुरू झाला. दगड कुटून त्याची भुकटी करावयाची, तीत मीठ व पारा कालवून तो लगदा तुडवावयाचा, चांदी पाऱ्यात मिसळली की तापवून पारा उडवून लावावयाचा, अशी ती प्रक्रिया होती. लागणारा पारा पेरूमधील वांकावेलिका येथील खाणीतून येत असे.

या कामासाठी मजूर कोठून आणावयाचे? इंका राज्यात प्रत्येक समूहाने पाळीपाळीने सार्वजनिक काम करण्याची 'मिता' नावाची पद्धत होती. पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० नंतरच्या दशकात या पद्धतीचे रूप पालटून ती सक्तीची केली. ठरावीक प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी पोतोसीस पाठविणे गावप्रमुखांवर बंधनकारक झाले. ही संख्या वर्षाला तेरा हजारांच्या घरात जाई. माणसे बायकामुलांसह, लामा नावाच्या जनावरांवर शिधा लादून, आठवडेच्या आठवडे पायी चालत येत. मजुरी मिळे, परंतु तीत पोट भरत नसे. खाणीतील धूळ फुफ्फुसे पोखरी आणि पाऱ्याची वाफ शरीर कापऱ्या रोगाने ग्रासून टाकी. टांकसाळीत घण मारण्याच्या कामी आफ्रिकेतून आणलेले गुलामही राबत. या व्यवस्थेविरुद्ध तक्रारी होत राहिल्या, तरी ती कादिझच्या संसदेने १८१२ साली रद्द ठरवीपर्यंत कायद्याने टिकून होती. जन्माने ठरलेल्या समूहावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेले सक्तीचे श्रम म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मुखाविना नाणी

या चांदीची प्रारंभीची नाणी पाहिली, तर त्यांवर कोणाही राजाचे मुख आढळत नाही. सर्वांत जुन्या मेक्सिकन नाण्यांवर राणी हुआना आणि तिचा पुत्र पहिला कार्लोस यांची नावे आहेत. त्यानंतर दुसरा, तिसरा व चौथा फिलिप आणि दुसरा कार्लोस यांच्या काळातील नाण्यांवर राजचिन्हांची ढाल व क्रूस दिसतो. चांदीच्या कांबीचे तुकडे कापून, कातरून वजन जुळवीत आणि घणाने ठसा मारीत. त्यामुळे ही नाणी वेडीवाकडी आहेत आणि पुष्कळ नाण्यांवर राजाचे नावही पुरते उमटलेले नाही. परंतु एक खूण त्यांवर असावी लागे. ती म्हणजे टांकसाळीचे चिन्ह आणि धातूची कस लावणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर. शुद्धतेची जबाबदारी कोणाची, हे त्यावरून कळे.

ही जबाबदारी किती गंभीर होती, हे पोतोसीच्या एका प्रकरणावरून दिसते. सतराव्या शतकाच्या मध्यास तेथील नाण्यांत ठरल्याहून पुष्कळ कमी चांदी असल्याचे उघडकीस आले आणि युरोपातील व्यापारी पेरूची नाणी नाकारू लागले. राजाने पाठविलेल्या तपासनिसाने चौकशी केली. चांदीचा धनाढ्य व्यापारी फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा आणि कसदार फेलिपे रामिरेझ दे आरेयानो यांना १६५० साली देहदंड झाला. गेलेला विश्वास परत मिळविण्यासाठी १६५२ पासून पोतोसीच्या नाण्यांचा ठसाच बदलण्यात आला. दोन स्तंभ आणि त्यांखाली समुद्राच्या लाटा, असे त्या नव्या ठशाचे स्वरूप होते.

१७३२ पासून मेक्सिकोत यंत्राने पाडलेली, काठावर नक्षी असलेली गोल नाणी निघू लागली. काठ कातरून चांदी चोरणे त्यामुळे कठीण झाले. त्यांवर दोन स्तंभांमध्ये समुद्रावर तरंगणारे दोन पृथ्वीगोल आहेत आणि 'दोन्ही मिळून एक' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. पाचवा फिलिप, सहावा फर्डिनांड आणि तिसरा कार्लोस अशा तीन राजांच्या कारकिर्दींत हा ठसा चालला. नाव बदलले, ठसा तोच राहिला.

मुख आले, चांदी घटली

१७७२ साली तिसऱ्या कार्लोसच्या आज्ञेने अमेरिकेतील चांदीच्या नाण्यांवर राजाचे मुख आले. डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ, अंगावर रोमन सम्राटासारखे वस्त्र आणि उजवीकडे वळलेली मुद्रा असे ते चित्र आहे. भोवती 'ईश्वरकृपेने तिसरा कार्लोस' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे व वर्ष आहे. मागील बाजूस ढाल, दोन स्तंभ, टांकसाळीचे चिन्ह, कसदारांची आद्याक्षरे आणि 'स्पेनचा व इंडीजचा राजा' ही पदवी आहे. जुनी नाणी परत मागवून त्यांच्या जागी ही देखणी नाणी द्यावयाची, असे जाहीर झाले.

एक गोष्ट मात्र जाहीर झाली नाही. नव्या नाण्याचे वजन जुन्याइतकेच ठेवून त्यातील चांदीचे प्रमाण गुप्त आज्ञेने हजारी ९१७ वरून सुमारे ९०३ वर आणले होते. १७८६ साली ते पुन्हा गुपचूप सुमारे ८९६ वर उतरविण्यात आले. विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. २७ ग्रॅमच्या एका नाण्यात हा फरक अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक भरतो, म्हणून हाताला तो जाणवत नाही. परंतु हजार नाण्यांमागे साडेपाचशे ग्रॅमांहून अधिक चांदी राजाच्या पदरात उरते. आणि नाणी तर कोट्यवधी पाडली जात होती. एका लोभी व्यापाऱ्याने केले तेव्हा जो देहदंडाचा अपराध ठरला, तेच कृत्य पुढे राजाज्ञेने झाले.

पुढील दोन राजांची मुखे याहून बोधप्रद आहेत. तिसरा कार्लोस १७८८ च्या डिसेंबरात वारला. नव्या राजाचे ठसे अमेरिकेत पोहोचेपर्यंत टांकसाळी थांबणे शक्य नव्हते. म्हणून १७८९ व १७९० च्या नाण्यांवर नाव चौथ्या कार्लोसचे, परंतु मुख त्याच्या दिवंगत पित्याचे आहे. १८०८ साली तर याहून विचित्र प्रसंग आला. सातवा फर्डिनांड गादीवर आला आणि काही आठवड्यांतच नेपोलियनने त्याच्याकडून राज्यत्याग लिहवून घेऊन त्याला फ्रान्समध्ये नजरकैदेत ठेवले. मेक्सिकोच्या टांकसाळीकडे त्याचे चित्र नव्हते. कोरक्यांनी कल्पनेने एक चिलखतधारी राजा कोरला आणि १८११ पर्यंत तेच काल्पनिक मुख चालले. ज्याला प्रजेने पाहिले नाही, कोरक्यांनी पाहिले नाही आणि जो स्वतः बंदिवान होता, अशा राजाच्या मुखाने लाखोंचे व्यवहार झाले. १८२१ साली मेक्सिको आणि १८२५ साली बोलिव्हिया स्वतंत्र झाला, तेव्हा या मुखांचा अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील अंमल संपला.

'बुद्धमुख' चांदी

या नाण्यांचा आपल्या दृष्टीने सर्वांत विलक्षण अध्याय चीनमध्ये घडला. मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून निघालेली गलबते पॅसिफिक महासागर ओलांडून मनिलास चांदी नेत आणि चिनी व्यापारी रेशीम व चिनी मातीची भांडी देऊन ती विकत घेत. मुखाची नाणी आल्यावर दक्षिण चीनमध्ये त्यांना 'फो-तोउ', म्हणजे 'बुद्धाचे मस्तक', असे नाव पडले. भरलेला चेहरा आणि कुरळे केस यांत लोकांना बुद्धमूर्तीचे साम्य दिसले असावे. तैवानमधील जुन्या खरेदीखतांतही जमिनीची किंमत 'फो-यिन', म्हणजे 'बुद्धचांदी', या नावाने लिहिलेली आढळते.

बौद्ध वाचकाने येथे क्षणभर थांबावे. कनिष्काच्या सुवर्णनाण्यांवर ग्रीक लिपीत 'बोद्दो' अशी अक्षरे असलेली तथागतांची प्रतिमा आहे. तेथे बुद्धच अभिप्रेत आहेत. चीनमध्ये मात्र स्पेनच्या राजाला बुद्धाचे नाव मिळाले. ज्यांच्या संघात श्रामणेरांच्या दहा शीलांपैकी दहावे शील सोने-रुपे न स्वीकारण्याचे आहे, आणि वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत ज्या दहा बाबींवर वाद झाला त्यांत सोने-रुपे घेणे ही एक होती, त्यांचे नाव पोतोसीच्या मजुरांनी खणलेल्या चांदीस लागले. नाव आणि वस्तू यांत किती अंतर असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

तरीही चिनी व्यापारी केवळ मुखावर विसंबले नाहीत. नाणी तपासणारे पारखी प्रत्येक नाणे पाहत, वाजवीत, वजन करीत आणि खरे ठरले की त्यावर आपल्या पेढीचा लहान ठसा मारीत. अशा ठशांनी भरून गेलेली नाणी आजही संग्रहालयांत दिसतात. या पारख्यांना तेथील इंग्रज 'श्रॉफ' म्हणत. तो शब्द म्हणजे आपला 'सराफ' होय. तिकडे सुरतेस उतरलेली हीच विदेशी चांदी मुघल टांकसाळीत वितळवून तिचे रुपये पाडले जात. तेथे राजाच्या मुखाला किंमत नव्हती, वजनाला व कसाला होती. परंतु सवयीचे सामर्थ्यही मोठे असते. चौथ्या कार्लोसच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, चीनच्या काही बाजारांत 'कार्लोस' नाण्यास त्यातील चांदीहून अधिक भाव मिळत असे.

आपण काय घ्यावे

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलन निर्माण करण्याची सत्ता राज्यकर्त्यांच्या स्वेच्छेवर सोडू नये, तिला निश्चित मर्यादा असावी, हा त्यातील महत्त्वाचा विचार आहे. तिसऱ्या कार्लोसच्या गुप्त आज्ञा वाचल्यावर त्या विचाराची आवश्यकता आपोआप पटते. नाणे खोटे झाले की व्यापारी वजन करून स्वतःला वाचवितो. रोजंदारीवर जगणाऱ्याजवळ मात्र तराजू नसतो. ब्रह्मजालसुत्तात खोटे तराजू, खोटा धातू आणि खोटी मापे यांपासून तथागत अलिप्त असल्याचा उल्लेख येतो, त्यामागील करुणा ही अशी व्यवहारातील आहे.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी कोणतेही नाणे हाती घेतले, की चार प्रश्न क्रमाने विचारावेत. यावर मुख कोणाचे व नाव कोणाचे? हे कोणत्या टांकसाळीचे व कोणत्या वर्षीचे? यात धातू किती व त्याची हमी कोणी दिली? आणि हा धातू कोणाच्या श्रमाने भूमीबाहेर आला? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे नाण्यावरील अक्षरे, तराजू आणि सराफाचा कस देऊ शकतील. चौथ्याचे उत्तर कोणत्याही राजाने आजवर आपल्या नाण्यावर कोरलेले नाही. ते अभ्यासानेच मिळवावे लागते.